कोरड्या हवेतला गारवा

होळी होऊन आठवडा उलटला की आमच्या नागपुरात घरोघरी दोन कामं निघतात. कूलर खिडकीशी येतो, ताट्यांमधलं काळं पडलेलं गवत काढून नवीन भरलं जातं. आणि बाजारातून माठ येतो. माठ घेताना आई त्यावर बोटाने टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तरच तो पसंत, बद्द आला तर कुठेतरी बारीक तडा आहे असं समजायचं.

बाहेरगावचे लोक नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलतात ते मे महिन्यातल्या पाऱ्याबद्दल. मला मात्र त्याआधीचे पाच-सहा आठवडे फार प्रिय आहेत. पळस फुललेला असतो, मोहाची फुलं पडू लागतात, सिव्हिल लाइन्सच्या कडुनिंबांखालून सायंकाळी चाललं तर मधासारखा वास येतो, आणि पाणी पिताना ते नुसतं पाणी राहत नाही. ही सुखं वेगवेगळी वाटतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा एकाच गोष्टीला बांधलेल्या आहेत. आपली हवा या दिवसांत विलक्षण कोरडी असते.

माठाचंच बघा. माठाच्या मातीत कुंभार बारीक राख किंवा लाकडाचा भुसा मिसळतो. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. त्यांतून पाणी झिरपत बाहेरच्या अंगाला येतं आणि तिथून उडून जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा १० लिटरच्या माठातून १०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी उडालं आणि लागणारी सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली, तर उरलेलं पाणी जवळजवळ ६ अंशांनी गार होतं. अर्ध्या पेल्याच्या मोबदल्यात घागरभर थंड पाणी! लहानपणी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी उठून माठाला हात लावून आलो होतो.

पण हा गारवा कुठवर जाईल हे माठ ठरवत नाही, हवा ठरवते. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर पारा जिथे येऊन थांबतो ती माठाची शेवटची मर्यादा. एप्रिलच्या दुपारी नागपुरात तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ही मर्यादा साधारण २३ अंशांवर येते. मुंबईत त्याच दिवशी तापमान ३४ अंश पण आर्द्रता ६५ टक्के असली, तर मर्यादा २८ अंशांच्या वरच राहते. म्हणजे हवा सहा अंशांनी जास्त तापलेली असूनही नागपूरचा माठ मुंबईच्या माठापेक्षा गार होऊ शकतो. मुंबईला राहायला गेलेली आमची आत्या तिथल्या माठाला नावं ठेवायची. त्यात बिचाऱ्या माठाचा काहीच दोष नव्हता.

यातून काही व्यवहाराच्या गोष्टी आपोआप कळतात. माठ सावलीत हवा, पण कोपऱ्यात कोंबलेला नको. भोवती वारा खेळला पाहिजे. रंगवलेला, चकचकीत माठ दिसायला छान असतो, पण रंगाने छिद्रं बुजली की तो नुसतं भांडं होतो. दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठही पाण्यातले क्षार छिद्रांत साचल्यामुळे मंदावतो. कूलरला हाच नियम लागू आहे. समोरची खिडकी किलकिली ठेवली नाही, तर खोलीतली हवा ओलसर होत जाते आणि मग पंखा कितीही फिरला तरी अंग चिकटच राहतं.

कूलरच्या ताट्यांत वाळा भरलेला असेल तर आणखी एक सुख. वाळा म्हणजे एका उंच गवताची मुळं. त्यांतल्या सुगंधी तेलाचे रेणू मोठे आणि जड असतात, त्यामुळे ते सावकाश उडतात. अत्तरात वाळ्याचा वास शेवटपर्यंत टिकतो तो म्हणूनच, आणि एकदा भरलेली ताटी बरेच दिवस घमघमते तीही त्यामुळेच.

आता शहराबाहेर पडू. जबलपूर रस्त्याने मनसर गाठून पुढे पेंचच्या जंगलाकडे वळलं की दोन्ही बाजूंना पळस दिसतो. ‘पळसाला पाने तीनच’ हे आपण कायम म्हणतो, पण मार्चमध्ये तीही नसतात. पाच-सहा महिने मोठ्या पावसाचा पत्ता नाही, जमिनीला भेगा पडायला लागलेल्या, आणि झाड मात्र केशरी फुलांनी लदलेलं. हे पाणी येतं कुठून?

उत्तर पानगळीत आहे. झाडातलं पाणी सगळ्यात जास्त बाहेर पडतं ते पानांवाटे. पानं गळाली की ती गळती थांबते. मुळं मात्र खालच्या थरांतून थोडं थोडं पाणी ओढतच राहतात. खोड आणि फांद्या हळूहळू पुन्हा भरतात. कळी उमलते ती पेशींमधल्या पाण्याच्या दाबाने, आणि तो दाब आता झाडापाशी जमलेला असतो. निष्पर्ण पळस आपल्याला वाळलेला वाटतो, पण आतून तो पाणी साठवून बसलेला असतो.

फुलाला वास नाही, कारण त्याला पक्षी हवे आहेत, आणि बहुतेक पक्षी रंगावर येतात. पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या पाकळीमुळे संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, ‘हा राघू तर नव्हे?’ असं. त्या वळलेल्या पाकळीत पुंकेसर दडलेले असतात. इवलासा शिंजीर मध प्यायला चोच घालतो तेव्हा पराग त्याच्या अंगाला लागतात. भोरड्यांचे थवेही या झाडांवर तुटून पडतात; त्यांना पळसमैना हे नाव उगाच मिळालेलं नाही. पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात. पुढे मे-जूनच्या कोरड्या वाऱ्यावर एकेक बी असलेल्या हलक्या, चपट्या शेंगा उडतात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीवर पोचलेल्या असतात. वेळेचा हिशेब इतका नेटका की बघत राहावं.

मोहाचा मामला रात्रीचा आहे. फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी लटकलेली फिकट पिवळी फुलं अंधारात उमलतात आणि वटवाघळं येतात. इथे बक्षीस म्हणून मधाचा थेंब नाही, तर फुलाची गरदार, साखरेने भरलेली पाकळीच आहे. वटवाघूळ ती खाताना बाहेर आलेल्या लांब कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाला, घासून जातं आणि परागीभवन होतं. पहाटे ही पाकळ्यांची टोपी पुंकेसरांसकट गळून पडते. बीजांडकोश मात्र झाडावरच राहतो आणि पुढे त्याचं फळ होतं. म्हणून पडलेली मोहफुलं वेचल्याने झाडाचं काही बिघडत नाही. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली आलेल्या बायका झाडाने आपलं काम उरकून टाकून दिलेली साखर गोळा करत असतात. एकच गोष्ट मला खुपते. फुलं दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि त्यातून जंगलात वणवा जातो. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि पाचोळाही वाचतो. हे सगळीकडे व्हावं असं फार वाटतं.

त्याच जंगलात कुसुमाची झाडं या दिवसांत लालभडक होतात. ती फुलं नव्हेत, कोवळी पानं. पिंपळही तांबूस होतो. ऐन कोरड्यात, पावसाला दोन महिने असताना नवी पानं काढायचं धाडस कशाला? एक तर पावसाळी ढग यायच्या आधी ऊन भरपूर मिळतं. दुसरं म्हणजे पानं खाणारे किडे पावसाबरोबर वाढतात. तोवर पान जून आणि चिवट झालेलं असतं. कोवळेपणीचा लाल रंग हरितद्रव्य तयार होईपर्यंत प्रखर उन्हापासून आडोसा देतो असं मानतात. आणि पाऊस नसताना अनेक झाडांना वेळ कळते ती दिवसाच्या लांबीवरून. २१ मार्चच्या सुमारास नागपुरात दिवस रोज सुमारे सव्वा मिनिटाने वाढत असतो. आपल्या लक्षातही न येणारा हा फरक झाडं मोजतात, याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

घरी परतलं की कुंडीतला मोगरा असतो. हिवाळ्यात छाटून, थोडा पाण्यावाचून ठेवून, मग खतपाणी दिलं की ऊन चढताच तो कळ्यांनी भरतो. मोगरा उमलतो संध्याकाळी आणि वासही तेव्हाच सोडतो. पांढरा रंग आणि दाट सुगंध ही अंधारात उडणाऱ्या पतंगांसाठीची खूण आहे. विशेष म्हणजे तोडलेली कळीही जिवंत असते. तिच्यातलं सुगंध तयार करण्याचं काम तोडल्यावरही काही तास चालू राहतं. दुपारी ओवलेला गजरा रात्री जास्त दरवळतो तो त्यामुळे.

आई पाचच्या सुमारास चार टपोऱ्या कळ्या तोडून, धुऊन माठात सोडते. रात्री जेवणं झाल्यावर झाकण काढलं की त्या पाण्यावर उमललेल्या असतात.