जुन्या जीपसाठी लिफ्ट आणि टायर : काम ठरवण्यापूर्वी वाचावे असे काही

जुनी जीप घेऊन गॅरेजमध्ये येणारे बहुतेक ग्राहक मागणी इंचांत सांगतात : 'तीन इंच उचलून द्या', 'एकतीसचे टायर बसवा'. आमच्या मते विचाराची सुरुवात आकड्यापासून होऊ नये. गाडी वर्षभर कोणत्या रस्त्यावर चालणार आहे ते आधी ठरवावे, त्यावरून टायर निवडावा आणि तो टायर न घासता फिरण्यासाठी लागेल तेवढीच लिफ्ट (गाडीच्या उंचीतली वाढ) घ्यावी.

याचे कारण जीपच्या रचनेत आहे. विलिसच्या सीजे ३बीपासून एमएम ५४० पर्यंतच्या जीपगाड्यांना पुढे-मागे अखंड एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि त्यांना जोडलेले पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतात. लिफ्टमुळे चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी वर जाते, पण डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा एक्सलमध्येच असल्यामुळे तो होता तिथेच राहतो. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर दगड बहुधा याच गोळ्याला लागतो. त्याला वर उचलतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. मूळ ६.००-१६ टायरची उंची सुमारे २८ इंच असते आणि २३५/७५ आर १५ ची सुमारे २९ इंच, म्हणजे हा बदल केल्यावर डिफरन्शियलखाली मिळतो तो अर्धा इंच. ३१ इंची टायरने दीड इंच मिळतो.

लिफ्टचा निर्णय घेण्यापूर्वी मूळचे पाटे तपासणे आम्ही आवश्यक मानतो. तीस-चाळीस वर्षे चाललेल्या पाट्यांची कमान बसलेली असते, मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन पाट्यांमध्ये गंज धरतो आणि शॅकलचे (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) रबरी बुश झिजलेले असतात. अशा गाडीचे पाटे उतरवून, साफ करून, नव्याने कमान भरून आणि बुश बदलून बसवले, तर गेलेली उंची बऱ्याच अंशी परत येते आणि गाडी एका बाजूला कलत असेल तर तेही थांबते. पुष्कळ ग्राहकांचे समाधान या एवढ्याच कामाने होते. त्यांना पुढचा खर्च सुचवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

त्याहून अधिक उंची हवीच असेल तर दीड ते दोन इंचांपर्यंत जास्त कमानीचे नवे पाटे आणि त्यांना जुळणाऱ्या लांबीचे शॉकअप हा मार्ग आम्हाला सर्वांत विश्वासाचा वाटतो. जादा पाटा टाकल्याने उंची वाढते, पण गाडी कडक होते आणि खड्ड्यांचे धक्के चेसिसला व माणसांच्या पाठीला सोसावे लागतात. लांब शॅकलचा उपाय स्वस्त दिसतो, मात्र शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्यामुळे एक इंच उंचीसाठी तो दोन इंच लांब करावा लागतो. शिवाय जुन्या जीपमध्ये पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असल्याने एक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (पुढची चाके सरळ धावत ठेवणारा कोन) कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटू लागते. तशी जीप आली तर पाट्याखाली पाचर देऊन तो कोन दुरुस्त करावा लागतो.

एक्सलच्या खालचे पाटे वर घेण्याचे काम रोजच्या वापराच्या जीपवर आम्ही करत नाही. सीजे ३बीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) केवळ ८० इंचांचा असल्यामुळे मागच्या एक्सलला इंजिनाची ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट फार आखूड आहे. उंची वाढली की त्याचा कोन झपाट्याने तीव्र होतो, गाडी थरथरते आणि शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतरही सुमारे ४८ इंचच आहे. अशा अरुंद गाडीचा गुरुत्वमध्य चार-पाच इंच वर नेणे घाटाच्या वळणावर धोक्याचे ठरते. लहान लिफ्टमध्येसुद्धा ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ताणले जात नाहीत ना आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारी दांडी) फार तिरकी झाली नाही ना, हे चाके पूर्ण लोंबकळू देऊन पाहावे लागते.

टायरच्या बाबतीत मुंबईकरांना आमचा सल्ला बहुधा ऑल टेरेनचा (डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या टायरचा) असतो. मड टेरेन म्हणजे चिखलासाठीच्या टायरचे मोठे गठ्ठे कोकणातल्या लाल चिखलात उत्तम पकड देतात, पण जून ते सप्टेंबर ओल्या डांबरावर आणि गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवर तोच टायर ब्रेक दाबल्यावर जास्त घसरतो, आणि जुन्या जीपच्या ड्रम ब्रेकमध्ये ती उणीव भरून काढण्याइतकी ताकद नसते. उंच टायरमुळे ब्रेकवरचा आणि क्राऊन-पिनियनवरचा (डिफरन्शियलमधल्या गिअरांवरचा) भार वाढतो, घाटात गिअर खाली घ्यावा लागतो आणि २८ च्या जागी ३१ इंची टायर बसवल्यास मीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ६६ च्या वेगाने धावत असते. रुंद टायर मूळच्या अरुंद रिमवर बसवू नये. रेडियल आणि साधे नायलॉन टायर एका एक्सलवर कधीही मिसळू नयेत. टायर विकत घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का अवश्य वाचावा : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी.

कायद्याची बाजू ग्राहकांनी मनावर घ्यावी अशी आमची कळकळीची विनंती आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लागू केली. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत गाडीची तपासणीही होते. जीप पन्नास वर्षांहून जुनी असून तिची विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती मूळ स्वरूपात असावी लागते. अशा गाडीला हात लावण्यापूर्वी आम्ही मालकांना थांबून विचार करायला सांगतो.

काम ठरवण्यासाठी येताना कृपया आरसी पुस्तक आणावे, टाकी भरलेली असावी आणि गाडीत नेहमी असते तेवढेच सामान ठेवावे, कारण चारही कोपऱ्यांची उंची आम्ही त्या वजनावर मोजतो. इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल तर त्याची आतली उंची आधी मोजून आणावी. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले जातात आणि पाचशे किलोमीटरनंतर पाटे एक्सलला धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले जात नाहीत, मात्र ती चुकवू नये.