फोटो कापू नका, अख्खं पान पाठवा
(मॉरिशस–कोकण वंशशोध : ग्राहकांसाठी माहिती)

मॉरिशसचं काम घेऊन येणाऱ्यांचा पहिला व्हॉट्सॲप बहुतेक वेळा सारखाच असतो. जुन्या नोंदीचा फोटो, त्यात नावाची एकच ओळ, बाकीचं पान कापलेलं. खाली मजकूर : "हे आमचे खापरपणजोबा. गाव शोधून द्या."

1834 पासून पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून गिरमिटावर (म्हणजे मजुरीच्या करारावर) मॉरिशसला उतरली. त्यांत लक्ष्मण किती असतील, तुम्हीच विचार करा. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं, म्हणून लक्ष्मणचा लचमुन झाला. माणसाचं एकेरी नावच पुढे नातवंडांचं आडनाव झालं. त्यामुळे नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला, असं इथे होत नाही. जुळवायचा असतो तो नंबर. प्रत्येक गिरमिटियाला उतरताना एक नंबर मिळत असे. पुष्कळदा तो तिथल्या लग्नाच्या दाखल्यावरही सापडतो. नंबर हाती असला की मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदींतून बापाचं नाव, जहाज, जिल्हा, गाव, अगदी अंगावरचा व्रणसुद्धा निघू शकतो. आणि फोटो कापताना नेमका हा नंबरच उडतो!

गेल्या वर्षी एका कापलेल्या फोटोवर विसंबून आम्ही तीन आठवडे गुहागर तालुक्यातली गावं पालथी घातली. मग अख्खं पान आलं. जिल्ह्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं : आरा. म्हणजे बिहार. चूक आमचीही होतीच, पान मागून घ्यायला हवं होतं. तेव्हापासून अख्ख्या पानाशिवाय काम हाती घेत नाही. याला कोणी आडमुठेपणा म्हणतं, म्हणू देत.

कागदावर "रत्नागिरी" असलं तरी गाव आजच्या सिंधुदुर्गातलं असू शकतं. तो जिल्हा 1981 साली वेगळा झाला.

इकडच्या कागदांनाही हाच नियम. त्र्यंबकेश्वरच्या नामावळीचा (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी उपाध्ये ज्या वहीत ठेवतात तिचा) फोटो असेल तर कोणत्या उपाध्यांची वही, कितवं पान, हे लिहा. तिथली तारीख यात्रेला आल्याची असते. ती जन्मतारीख म्हणून वंशावळीत घातलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. कोतवाल बुकाचं (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचं) गाव आणि वर्ष द्या. कुलवृत्तांत (घराण्याचा छापील इतिहास) असेल तर आवृत्ती आणि पान. (कुलवृत्तांतात लेकी बऱ्याचदा गळलेल्या असतात, तेवढं धरून चाला.) मोडीची काळजी नको, वाचन आमच्याकडेच होतं.

"एवढे पैसे घेऊन वंशावळीतल्या चौकटी रिकाम्या का?" असंही विचारलं जातं. कागद नसेल तर आम्ही चौकट रिकामी ठेवतो, कारण अंदाजाने भरलेलं नाव चार चुलतभावांना फॉरवर्ड झालं की दोन वर्षांनी तेच पुरावा म्हणून आमच्याकडे परत येतं. आमच्या वंशावळीत प्रत्येक नावाखाली वही, पान आणि नंबर छापलेला असतो, म्हणून ती मॉरिशसच्या नातलगांना बिनधास्त पाठवता येते. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र त्यांना विचारल्याशिवाय घालत नाही. शोधाची फी काही सापडलं नाही तरी लागू होते. वह्या तेवढ्याच चाळाव्या लागतात.

अख्ख्या पानाचा फोटो आणि नंबर असेल तर पहिली पडताळणी मोफत करून देतो. पानाच्या चारही कडा दिसू द्या, वहीच्या मुखपृष्ठाचा वेगळा फोटो जोडा. मूळ कागद कुरियरने पाठवू नका.