कानपूरची लिबरेटर विमाने

दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरच्या चकेरी विमानतळावर ब्रिटिशांनी मोडतोड करून सोडून दिलेली अमेरिकी बनावटीची बी-२४ लिबरेटर विमाने. १९४८ पासून भारताने त्यांतली सुमारे ४० दुरुस्त करून पुन्हा उडवली. भारतीय हवाई दलाची पहिली जड बाँबफेकी विमाने हीच.

मोडतोड कराराला धरूनच झाली होती. ‘लेंड-लीज’ या अमेरिकेच्या युद्धसाहित्य उसने देण्याच्या योजनेखाली ब्रिटनला मिळालेली विमाने युद्ध संपताच परत करायची, विकत घ्यायची किंवा निकामी करायची होती. परत घेण्यात अमेरिकेलाही रस नव्हता. तिने स्वतःचीच हजारो विमाने ॲरिझोनातील किंगमन येथे भट्टीत घालून त्यांच्या ॲल्युमिनियमच्या लाद्या पाडल्या. चकेरीत सांगाडे ठोकून-फोडून ठेवले गेले. इंजिनांत वाळू ओतल्याच्याही हकिकती आहेत.

ही विमाने आता उडणार नाहीत, असा परदेशी तज्ज्ञांचा निर्वाळा होता. तरी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने काम अंगावर घेतले, आणि ते निव्वळ धाडस नव्हते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला काढलेला हा कारखाना युद्धकाळात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र होता. लिबरेटर तिथल्या कारागिरांच्या हाताखालून गेलेले होते. शिवाय त्याची इंजिने डाकोटा या वाहतुकीच्या विमानाच्याच इंजिनांच्या घराण्यातली, आणि डाकोटा तेव्हा देशात मुबलक. एकाचे धड भाग दुसऱ्याला जोडून, जेमतेम उडण्यापुरती डागडुजी चकेरीतच करत. मग कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ते विमान सुमारे १,५०० किलोमीटरवरील बंगळूरला नेत. खरी दुरुस्ती तिथे होई. या सगळ्यात जोखमीचा भाग हा प्रवासच म्हणावा लागेल.

नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांवर ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. १९५१ पासून ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडेही ती आली. त्याच्या लिबरेटरांचा तळ पुण्याला होता आणि मुख्य काम सागरी टेहळणीचे. १९६८ अखेर ती निवृत्त झाली.

तोवर इतरत्र लिबरेटर दुर्मीळ झाले होते, त्यामुळे परदेशी संग्रहालयांनी भारताकडे मागणी केली. एक ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात गेले, एक कॅनडात ओटावाला. आणखी एक १९६९ मध्ये उडत टूसॉनच्या पिमा संग्रहालयासाठी पोहोचले. टूसॉनही किंगमनच्याच ॲरिझोनात आहे.