मिशी, दरवाजा, शिक्का : गेममधल्या गोष्टीची पार्श्वभूमी

व्हिडिओ गेममध्ये गोष्ट हवीच कशाला, हा वाद अजून मिटलेला नाही. गोष्ट हवी असेल तर कादंबरी वाचा, गेम खेळायला मजा आली की झालं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेममधलं कुठलं बटण कशाला होतं हे साफ विसरलेले आणि त्यात कोण मेलं ते मात्र पक्कं लक्षात असलेले लोकही कमी नाहीत.

१९७२ साली आलेल्या अटारीच्या ‘पाँग’मध्ये दोन पट्ट्या आणि एक ठिपका एवढाच संसार होता. गोष्ट शिरली ती दुसऱ्याच दाराने. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रॅमर गुहा धुंडाळणारा गडी. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या मोजणीत त्याने भाग घेतला होता. घटस्फोटानंतर, १९७५-७६च्या सुमारास, त्याने आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून त्या गुहांवर एक गेम लिहिला. चित्र एकही नाही. समोर वर्णन यायचं, आपण एकदोन शब्दांत हुकूम टाइप करायचा आणि पुढची वाट उलगडायची. पुढे डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि १९७७मध्ये तो गेम विद्यापीठांच्या संगणकांवर पसरला.

पात्रांचा जन्म मात्र अडचणीतून झाला. ‘पॅक-मॅन’मधली (१९८०) चार भुतं दिसायला सारखीच, फरक फक्त रंगाचा. पण लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवू बघतं, आणि नारिंगी जवळ येऊन ऐनवेळी माघार घेतं. एकही संवाद नसताना चौघांना स्वभाव मिळाले. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोच्या शिगेरु मियामोतोला पोपायवर गेम करायचा होता, पण हक्क मिळाले नाहीत. मग त्याने गोरिला, सुतार आणि पळवून नेलेली प्रेयसी असं स्वतःचंच त्रिकूट जमवलं. तो ‘डाँकी काँग’. सुताराच्या वाट्याला मोजकेच ठिपके आलेले. तोंड काढायला जागा नाही, म्हणून मोठं नाक आणि मिशी. उडी मारताना केस हलवून दाखवणं कठीण, म्हणून टोपी. हाच पुढे मारिओ झाला.

खरी कलाटणी मला १९८३च्या ‘प्लॅनेटफॉल’मध्ये दिसते. स्टीव्ह मेरेट्झकीने लिहिलेला हा निव्वळ मजकुराचा गेम. त्यात फ्लॉइड नावाचा यंत्रमानव लहान पोरासारखा आपल्यामागे लुडबुडत असतो. शेवटाकडे तो एका भयानक प्रयोगशाळेत कार्ड आणायला आपणहून जातो, आणि तो आत गेल्यावर दरवाजा आपल्यालाच लावून घ्यावा लागतो. थोड्या वेळाने तो कार्ड घेऊन परततो, पण पार मोडून, आणि आपल्यापुढेच प्राण सोडतो. कादंबरीत हेच वाचून वाईट वाटलं असतं. इथे दरवाजा लावायचा हुकूम आपणच टाइप केलेला असतो.

‘फायनल फँटसी ७’ने (१९९७) हाच घाव जास्त लोकांना दिला. एअरिथला तासन्‌तास लढवून, तयार करून आपण पथकात बाळगलेलं असतं. ती मारली जाते आणि यादीतली तिची जागा रिकामी होते. तिला जिवंत करायची युक्ती गेममध्ये दडलेली आहे, अशा वावड्या कित्येक वर्षं उठत राहिल्या. तशी युक्ती नव्हतीच.

उलट उदाहरणही दमदार आहे. ‘डूम’ या गोळीबाराच्या गेमसाठी टॉम हॉलने कथा आणि पात्रांचा जाडजूड आराखडा लिहिला होता. इड सॉफ्टवेअरमधल्या सहकाऱ्यांनी तो बव्हंशी बाजूला ठेवला, हॉल कंपनीतून बाहेर पडला, आणि १९९३ साली आलेला गेम गोष्टीविना तुफान चालला. गोष्ट नको म्हणणाऱ्यांचा हा हुकमी एक्का. त्याला उत्तर पाच वर्षांनी ‘हाफ-लाइफ’ने दिलं. तो करणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने मार्क लेडलॉ हा कादंबरीकार पदरी ठेवला होता. सुरुवातीची काही मिनिटं आपण नुसते ट्रामच्या डब्यात असतो. डब्यात फिरावं, खिडकीतून बघावं. गोष्ट सांगायला गेम आपल्या हातातून काढून घेतला जात नाही.

अभ्यासकांनीही यावर बराच काथ्याकूट केला. पण कामाचा शब्द क्लिंट हॉकिंग या गेम-डिझायनरने २००७मध्ये दिला : ‘ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’. कथा एक शिकवते आणि नियम दुसऱ्याच वागण्याला बक्षीस देतात, तेव्हा होणारी खटखट. ‘बायोशॉक’ या गेमवर टीका करताना त्याने तो वापरला.

नियम आणि कथा एकाच दिशेने ओढतात तेव्हा काय होतं, हे लुकस पोपच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) बघावं. आपण सीमेवरचे तपासनीस. एक माणूस येतो, कागदपत्रं चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते, तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. चुका वाढल्या की दंड, आणि संध्याकाळी घरच्यांचं जेवण, औषध आणि शेकोटी त्याच पगारातून भागवायची. मंजूर आणि नामंजूर, दोन्ही शिक्के समोर असतात, आणि बाहेर रांग वाढत असते.