जपानला निघताय? आधी जेवणाचं बोलू

"तिकडे शाकाहारी मिळतं ना?" आमच्याकडे जपान सहलीच्या चौकशीला येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात. मिळतं. पण तुम्ही किती काटेकोर आहात, हे निघण्याआधी ठरवायला हवं.

ताटात दिसणारा मासा टाळणं सोपं असतं. न दिसणारा अवघड. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या कात्सुओ माशाचे पापुद्रे, यांचा हा पातळ अर्क. मिसो सूप, सोबा-उदोन नूडल्सचा रस्सा, टेम्पुरा भज्यांसोबतचं सॉस, शिजवलेल्या भाज्या, बहुतेक ठिकाणी तो असतोच. वर दिसतो फक्त टोफू आणि कांद्याची पात. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावरही विसंबू नका. त्यात कोळंबी, खेकडा लिहिणं सक्तीचं आहे, कात्सुओ नाही. करीच्या तयार वड्यांत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते.

काहींना दाशी चालते, काहींना अजिबात नाही. दोन्ही ठीक, पण आम्हाला आधी कळू द्या. "तेवढं काढून द्या" हे छोट्या हॉटेलांत जमत नाही, कारण रस्सा आधीच तयार असतो. मालक हात जोडून नाही म्हणतील. राग मानू नका. चालतंय म्हणून काहीही वाढण्यापेक्षा ते बरं. आम्ही जपानीत छापलेलं कार्ड देतो, ते ऑर्डर देण्याआधीच दाखवा. तोंडी सांगायचं तर: "निकु मो साकाना मो ताबेमासेन", मांस-मासे खात नाही.

आमचं मत विचाराल तर एक रात्र कोयासानला काढाच. वाकायामातल्या या डोंगरावर बौद्ध मठांत मुक्काम करता येतो आणि जेवायला शोजिन र्‍योरी मिळते. मांस, मासे तर नाहीतच, परंपरेने कांदा-लसूणही नाही. दाशी कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. तिळाचा गोमा-दोफू चुकवू नका. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच, त्यामुळे उन्हाळ्यात चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्याचा नियम, पाळणाऱ्यांचीही सोय होते. मुळा, गाजर मात्र असतं, जैन प्रवाशांनी ते आम्हाला सांगून ठेवावं.

टोकियोत वरण-भाताची फारच आठवण आली तर निशी-कासाई गाठा. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे, किराणाही मिळतो.

बॅगेत दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल भरा. ताजी फळं, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ नकोत. विमानतळावर काढून घेतात. सर्दीच्या गोळ्या तपासून न्या: स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेता येत नाही.

बाकी थोडक्यात. टीप देऊ नका. रस्त्यात कचरापेटी क्वचितच दिसते, पिशवी जवळ ठेवा. घरात आणि मठात बूट दाराशीच. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या घालून खोलीत येऊ नका. नळाचं पाणी बिनधास्त प्या. टोकियो-ओसाका शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते, म्हणून बुकिंगच्या वेळीच बॅग मोजून सांगा.

सोबतच्या फॉर्ममध्ये "दाशी चालेल / चालणार नाही" असा रकाना आहे. घरातल्या प्रत्येकासाठी तो वेगळा भरा.