रविवारी फादरला सांगितलं की पाप खल्लास? तसं नाय ओ

परवा सात रस्त्याला चहा पिताना मित्र परत तेच बोलला, "तुमचं ख्रिश्चनांचं बरंय बे, आठवडाभर काय पण करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, मीटर झिरो." लहानपणापासून ऐकतोय हे, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

एक तर सोलापुरात आमच्यासारखे बरेच प्रोटेस्टंट (कॅथलिकांपासून वेगळा झालेला ख्रिस्ती पंथ), पार अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांच्या काळापासून, आणि आमच्यात फादरपुढं पापाच्या कबुलीची सक्तीच नाही, डायरेक्ट देवाशी बोलायचं. कॅथलिक लोकांत कबुली आहे, पण तिथं पण मनापासून पस्तावा आणि परत न करायचा निश्चय नसेल तर नुसतं सांगून माफी लागू होत नाही, वर चोरलेलं परत करावं लागतं ते वेगळंच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय जकातदार आठवा, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देतो म्हणाला. चौपट! आमचा प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या मार्टिन लूथरनं 1517 मध्ये 95 मुद्दे काढले त्यातला पहिलाच हा, की पश्चात्ताप आयुष्यभराचा असतो.

आणि लपवलेलं पाप जड होतं हो. बायबलच्या स्तोत्र 32 मध्ये दावीद राजा म्हणतो, गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली. मी मामाच्या गल्ल्यातून 500 रुपये उचललेले, नंतर दोन वर्षं मामी कडक भाकरी अन् शेंगाचटणी वाढायची तर घास उतरायचा नाही. शेवटी पैसे नेऊन ठेवले समोर.

मामा म्हणाला, "मला तवाच कळलं होतं. वाट बघत होतो."