सोलापुरात राहून बायकोचा अमेरिकेचा व्हिसा : एवढे कागद का मागतात

माझा आतेभाऊ अमेरिकन सिटिझन आहे, पण आत्याची तब्येत बरी नसते म्हणून गेली तीन वर्षं इथंच सोलापुरात राहतोय. लग्नाला दीड वर्ष झालं, आता वहिनीला घेऊन परत जायचंय. परवा त्यांच्याकडं गेलो तर दिवाणावर सगळी फाईल पसरलेली, लग्नपत्रिका, महापालिकेचं मॅरेज सर्टिफिकेट, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर काढलेले दोघांचे फोटो. वहिनी म्हणाली, नवरा तिकडचा नागरिक आहे ना, मग एवढं कशाला लागतं ओ?

तर यातल्या एकेका कागदामागं एकेक कायदा आहे. १९१७ च्या कायद्यानं आपल्या लोकांना तिकडं दारच बंद केलेलं, १९२३ मध्ये तिकडं राहणाऱ्या भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं नागरिकत्वही नाकारलं. १९४६ ला दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० जणांपुरतं. खरा फरक पडला १९६५ च्या कायद्यानं, त्यानंतर भारतासारख्या देशातून माणसं मोठ्या संख्येनं जायला लागली, आणि नागरिकाचा नवरा किंवा बायको, लहान मुलं, आईवडील यांना आकड्याची मर्यादाच ठेवली नाही, म्हणून वहिनीला ग्रीन कार्डवाल्यांच्या (तिकडं कायम राहायचा परवाना आहे, पण नागरिक नाहीत अशांच्या) बायकांसारखं नंबर लागायची वाट बघावी लागत नाही.

फोटो आणि पत्रिका का, तर खोटी लग्नं लावून लोक जातात म्हणून १९८६ मध्ये वेगळा कायदा केला. तिकडं उतरायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, मग संसार खरा आहे हे पुन्हा दाखवायचं. वहिनीचं काम होईस्तोवर दोन वर्षं उलटली तर थेट दहा वर्षांचं मिळेल, म्हणजे उशीर झाला तरी तेवढा फायदाच.

पण सोलापुरात बसलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं ते १९९६ चं कलम. त्यानुसार स्पॉन्सरला, म्हणजे इथं भावाला, आय-८६४ या हमीच्या फॉर्मवर सही करून आर्थिक हमी घ्यावी लागते, उत्पन्न तिकडच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के तरी पाहिजे, इथली नोकरी सोडून जाणार असाल तर तो पगार धरत नाहीत, मग दुसरा जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी घेणारा, शोधा. आणि स्पॉन्सरचं बिऱ्हाड अमेरिकेत पाहिजे! म्हणजे इथं राहणाऱ्यानं दाखवायचं की मी तात्पुरता आलोय, नाहीतर बायकोबरोबर तरी नक्की परत जातोय. जॉइंट स्पॉन्सर मिळाला तरी ही अट सुटत नाही, आणि बऱ्याच जणांना हे शेवटी शेवटी कळतं हे बघून मला फार वाईट वाटतं.

अर्ज देणं पूर्वी सोपं होतं, परदेशात राहणारा सिटिझन तिथल्याच अमेरिकन ऑफिसात आय-१३०, म्हणजे बायकोसाठीचा पहिला अर्ज, देऊ शकायचा. १ फेब्रुवारी २०२० पासून ते बंद झालं, अगदी अडचणीच्या केसेस सोडल्या तर सगळं अमेरिकेतच पाठवायचं किंवा ऑनलाइन भरायचं. पुढं पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, आणि मुलाखत मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत, म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची.

भावाचे टॅक्स रिटर्न तयार आहेत. आत्याचे दवाखान्याचे कागदही त्याच फाईलीत लावलेत, तो इथं का थांबला ते त्यावरूनच कळणार, आणि त्याखाली तिकडच्या भाड्याच्या घरासाठी केलेल्या मेलच्या प्रिंट.